धुरा

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा बोर्ड नुकताच आला होता. आमची शाळाच त्यामुळे हादरलेली, आणि नववीतली मी त्याहून जास्त. भूगोलाच्या सरांना वहीतले नकाशे आवडत नसत. आपापल्या वावराचा मोजून नकाशा काढा, वीस मार्क, असं त्यांनी सांगून टाकलं.

माझ्या मैत्रिणीच्या घरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आमच्या बांधीला लागून होती. मध्ये धुरा, म्हणजे मातीचा बांध. दोन्ही बांध्या सारख्या, असं सारं गाव म्हणायचं. सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारून आम्ही दोघी गेलो. तिनं टोक धरलं, गाठी मी मोजल्या आणि आकडे ओरडून सांगितले. आमची रुंदी एकवीस मीटर निघाली, त्यांची अठरा.

कारण मला तिथेच कळलं. दरवर्षी पावसाळ्याआधी बाबा धुरा आपल्या बाजूनं तासायचे आणि ती माती पलीकडून थापायचे. आजोबाही तसंच करायचे. वर्षाला दोन-दोन बोटं.

घरी मी पाटीवर कच्चा नकाशा काढला. बाबांनी तो पाहिला. ओरडले नाहीत.

"मास्तरनं नकाशा मांगला का वावर? दोन्ही बांध्या सारख्याच हायेत. तशाच काढ."

मला जेवण जाईना. उठून पाणी प्यायले, अंगणात गेले, परत आले, पेन्सिलीला टोक केलं, ते मोडलं, पुन्हा केलं. शेवटी दोन्हीकडे साडेएकोणीस लिहिलं. रेघ मात्र सुबक आली, त्याचा मला जास्तच राग आला.

सरांनी दोघींचे नकाशे शेजारी ठेवले. माझं अक्षर चांगलं, दोन्ही बांध्यांचे आकडे सारखे. मला अठरा मार्क मिळाले.

"तू सुतळी ढिली धरली असशील," ते तिला म्हणाले.

तिच्या वहीत मीच ओरडून सांगितलेले आकडे होते, एकवीस आणि अठरा. मी उभं राहायला हवं होतं. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले.

"हो सर, ढिलीच झाली असंन," ती म्हणाली. तिला नऊ मार्क.

मधल्या सुट्टीत तिनं डबा नेहमीसारखा माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाली, "माह्या बाबाले मी काई सांगतलं नाई." मला लाज वाटली, आणि ती इतकी चांगली का वागते म्हणून तिचा रागही आला.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबा धुरा तासायला निघाले. मी फावडं आदल्या दिवशीच तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात खुपसून ठेवलं होतं. त्यांनी घरभर शोधलं. मग ते शेजारी गेले आणि तिच्या घरचं फावडं मागून घेऊन आले. ते तिनंच आणून त्यांच्या हातात दिलं होतं.