कुंकवाची रेघ

माझं बोट लाल झालं आणि फोरमन मोघेकाकांचा चेहरा पांढरा पडला.

जबलपूरच्या कारखान्यात मी नवे बॉम्ब पाहायला आलो होतो. मी टेस्ट पायलट, म्हणजे नवीन वस्तू सर्वांत आधी उडवून पाहणारा. आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारे तेव्हा आम्ही मोजकेच. पुढच्या आठवड्यात वाळू भरलेले हे चार बॉम्ब पंखांखाली टांगून मला त्या वेगाने जायचं होतं. युद्ध तोंडावर आलेलं, सगळ्यांनाच घाई. पण जे टांगायचं ते आधी हाताने चाचपायचं, ही माझी खोड.

बॉम्बची शेपटी सहा नटांवर बसते. ती हवेत सुटली तर पंख फाडेल, मग पायलटचं काही खरं नाही. म्हणून नट पान्याने पूर्ण आवळला की त्यावरून शेपटीपर्यंत लाल रंगाची सरळ रेघ ओढतात; नट फिरला तर रेघ तुटते. रेघ दिसली की चेकिंगवाले पास करतात.

इथे रेघ होती, पण बोटाला लागत होती. मी नट धरला. तो चिमटीतच फिरला.

“काका, हा रंग नाही. कुंकू आहे!”

माझे वडील याच कारखान्यात होते, काका त्यांच्याच शॉपमधले, म्हणजे विभागातले. ‘साहेब’ म्हणायचं विसरून ते ओरडले, “अरे बाळ्या! परवा खंडेनवमीची पूजा झाली ना! काम अर्धं होतं, अन् कोणी तरी नटांवरही बोट फिरवलं.”

“आणि चेकिंग?”

“लाल दिसलं, पास केलं. अच्छा हुआ तू हात लावला. तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

त्यांचे डोळे भरले. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटलो.

चोवीसही नट पुन्हा आवळले गेले.

“आता पिवळी रेघ ओढून राहिलो,” एक फिटर म्हणाला.

“काहून? हळद विसरला का? निळी ओढ!” काका ओरडले.

आठवड्याने हवाई तळावर बॉम्बच्या पेट्या उघडल्या. नटांवर निळ्या रेघा, आणि त्यांच्यापासून वीतभर दूर प्रत्येक शेपटीवर कुंकवाचं एक बोट. मी आवाजाला मागे टाकून उतरलो आणि धावत पंखांखाली वाकलो. मग फोन लावला.

“काका, सगळ्या रेघा सरळ आहेत. कुंकू मात्र उडालं.”

“उडू दे रे. तू आला ना?”

कुंकू अवश्य लावावं. नट आवळून झाल्यावर.