चिठ्ठी काकूंची, विजेते काका

अन्याय झाला तो माझ्या घरमालकीण काकूंवर. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी, संध्याकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एका बेसमेंटमध्ये, तीसेक मराठी माणसांच्या देखत. वेळ मी फोनवर बघून टिपून ठेवली. कॉलेजात मेसच्या पोळ्यांपासून फीवाढीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मी पत्रकं काढली आहेत. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या ओळीत आलं नाही तर पुढचं कोणी वाचत नाही, एवढं तिथे पक्कं शिकले.

काकू भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मिरजेहून इथे आल्या, आता निवृत्त आहेत. काका निवृत्त इंजिनियर. मी त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि एका कंपनीचं सॉफ्टवेअर बिघडलं की ते पुन्हा बिघडेल अशा बेताने दुरुस्त करते.

काकूंना इथल्या, अमेरिकन फुटबॉलचा नाद हॉस्पिटलात लागला. रविवारच्या ड्यूटीला डॉक्टरांच्या खोलीत टीव्ही चालू असायचा. सर्जन लोक एकमेकांशी बोलायचे, ह्या नवख्या, साडीतल्या बाईशी कोणी बोलायचं नाही. मग त्या टीव्ही बघत बसल्या आणि बघता बघता त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणकार झाल्या. आजही मॅच रेकॉर्ड करतात, आवाज बंद करतात आणि लसूण सोलत फक्त खेळाडूंचे पाय बघतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेली शेकडो पोरं त्यांनी झोपवली आणि उठवली आहेत. दुखरा गुडघा राखून कोण वळतंय, हे त्यांना टीव्हीवर दिसतं.

त्या गुरुवारी फुटबॉलचा ड्राफ्ट होता. ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं आणि अधूनमधून बॉलही खेळायचा. दर वसंतात कॉलेजातल्या खेळाडूंची टीम्समध्ये वाटणी होते. आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली ती सगळ्यात आधी निवडणार, मग तिच्याहून जरा बरी, अशी रांग. नापास झालेल्याला आधी वाढायचं. भांडवलशाहीच्या माहेरघरात एवढा समाजवाद कसा खपतो, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

आमची टीम यंदा रांगेत बरीच पुढे होती, म्हणजे आदल्या वर्षी बरीच वाईट खेळली होती. आमच्या मराठी मंडळाचा दरवर्षी ह्या ड्राफ्टसाठी कट्टा भरतो. गणपतीला न येणारी माणसं ह्याला वेळेवर येतात. बायका वर किचनमध्ये वडे तळतात, पुरुष खाली मोठ्या टीव्हीसमोर बसून वीस-बावीस वर्षांच्या पोरांची लायकी काढतात. उंची किती, वजन किती, तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती इंच, चाळीस यार्ड किती सेकंदांत. एकाचं म्हणणं, मुलाचं घराणं चांगलं आहे, बाप खेळलाय, भाऊ खेळतोय. दुसऱ्याला शंका, मग तीन वर्षांत दोन कॉलेजं का बदलली? काहीतरी लपवताहेत. माझ्या चुलतबहिणीला स्थळं बघताना घरात हेच चालायचं, फक्त तिथे मुलाला पळवून बघत नव्हते. आणि जे हे सगळं बोलतात ते वड्यासाठी जिना चढून वर आले की आधी कठडा धरून दम खातात. मग सांगतात, पोरगा स्लो आहे.

यंदा सगळ्या बेसमेंटचं एकमत होतं: आपली टीम तो वेगवान रिसीव्हर घेणार. रिसीव्हर म्हणजे लांबून आलेला बॉल पळत जाऊन झेलणारा. त्याचे व्हिडिओ फेब्रुवारीपासून मंडळाच्या ग्रुपवर फिरत होते. सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली त्याची एक उडी, असा रतीबच होता.

काकूंना तो नको होता. त्यांचं मत लेफ्ट टॅकलला. बॉल टाकणारा समोर बघत असताना त्याच्या पाठीकडून जो राक्षस धावून येतो, त्याला अडवणारा तो लेफ्ट टॅकल. तो बॉलला हात लावत नाही, त्याचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही.

कट्ट्याचा नियम असा की, आपली टीम कोणाला घेणार आणि का, हे प्रत्येक घराने बुधवारपर्यंत तीन ओळींच्या चिठ्ठीत लिहून द्यायचं. एका घराला एक चिठ्ठी. ज्याची बरोबर, तो विजेता. बक्षिसात कप नाही, पाकीट नाही. शुक्रवारी पुढच्या फेऱ्या असतात, तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून विजेता माइकवर वीस मिनिटं बोलतो आणि बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. मराठी मंडळात वीस मिनिटं कोणी मधे न बोलणं ह्याची किंमत ज्याला कळते त्याला कळते. काकूंना कळत होती. फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, "मला एकदाच ह्या सगळ्यांना गप्प बसवून सांगायचंय, की तुम्ही चुकीच्या जागी बघताय." काय सांगायचं ते त्यांचं तयार होतं. फक्त वीस मिनिटं हवी होती.

चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर डायनिंग टेबलावर लिहिली. काका तेव्हा गॅरेजमध्ये बर्फ उपसायचं मशीन पुसून आत ठेवत होते.

गुरुवारी सगळे जमले. सोफा आणि खुर्च्या पुरुषांनी भरल्या होत्या. काकू बशी घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या, मी त्यांच्या वरच्या. आमच्या टीमची पाळी आली. टीव्हीवरच्या माणसाने स्टेजवर येऊन नाव वाचलं, ते लेफ्ट टॅकलचं. बेसमेंटमधल्या चेहऱ्यांवर घरात कोणी गेल्यासारखी कळा आली. काकूंनी वड्याचा राहिलेला तुकडा तोंडात टाकला.

मंडळाचे सेक्रेटरी पुण्याचे, चाळिशीतले, उत्साही. त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा उघडला. बरोबर निघाली ती एकच. तिच्यातल्या ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या: "बॉल टाकणारा उभाच राहिला नाही तर झेलणारा काय हवेतलं झेलणार? गेल्या हंगामात आपला बॉल टाकणारा जास्त वेळ आडवाच होता. आणि तो वेगवान मुलगा उजवा गुडघा राखून वळतो." हशा झाला, टाळ्या झाल्या. मग त्यांनी नाव वाचलं, काकांचं. आठ वाजून अकरा मिनिटं.

काका कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत डुलकी काढत होते. त्यांना उठवून डोक्यावर टीमची टोपी घातली. त्यांनी विचारलं, जेवण लागलं का?

मी पायरीवरूनच ओरडले की चिठ्ठी काकूंची आहे. सेक्रेटरी हसून म्हणाले, "अगं, एकाच घरातलं ना? काय फरक पडतो?"

काका सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं की आपल्याला ह्यातलं काही कळत नाही, सगळं हिने लिहिलंय. तर लोक आणखी खूश. बघा, काका किती नम्र आहेत. खरं बोलणाऱ्या माणसाचं खरं न ऐकण्याची ही पद्धत मी पहिल्यांदाच बघितली.

कारण काय, तर मंडळाचा फॉर्म. पहिल्या रकान्यात 'सभासद', दुसऱ्या रकान्यात 'पत्नी'. पहिल्यात कोणाचं नाव जाणार ते छापणाऱ्याने छापतानाच ठरवून टाकलेलं. घराची चिठ्ठी पहिल्या रकान्यातल्या नावावर चढते. ह्या बाईने आयुष्यभर माणसं बेशुद्ध करून जिवंत परत आणली, आणि मंडळाच्या लेखी ती रकाना क्रमांक दोन.

शुक्रवारी मी घरून काम करत होते, म्हणजे पत्रक लिहीत होते. मथळा: वीस मिनिटं कोणाची? खाली चार परिच्छेद, प्रत्येकात 'जाहीर निषेध' एकदा तरी. लायब्ररीत जाऊन चाळीस प्रती काढल्या आणि संध्याकाळी त्याच बेसमेंटमध्ये खुर्च्यांवर, सोफ्यावर, वड्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. यजमानीण बाईंनी एक प्रत उचलली, वाचली आणि त्याच कागदाने टेबलावर सांडलेली चटणी पुसली. त्यांना अन्यायापेक्षा चटणीची घाई होती, आणि तळणाच्या चौथ्या तासाला कोणालाही असती.

काकूंना मी पत्रक आधी दाखवलं नव्हतं. त्यांना आश्चर्याचा धक्का देणार होते.

सेक्रेटरींनी पत्रक वाचलं. दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबले आणि त्यांचा चेहरा खुलला. मी लिहिलं होतं की काकूंनी 'लेफ्ट गार्ड' अचूक ओळखला. गार्ड हा टॅकलच्या शेजारचा. दोघेही तीनशे पौंडांचे, दोघेही बॉलला हात लावत नाहीत, दोघेही मला सारखेच दिसतात. सेक्रेटरींनी ते वाक्य सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. मागून कोणीतरी विचारलं, काकूंना तरी नक्की माहीत आहे ना कोणाला निवडलंय? हसण्याचा असा काही स्फोट झाला की वरून बायका जिन्यापर्यंत बघायला आल्या.

काकू माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"मला न विचारता माझ्या नावाने लिहिलंस. आणि वर पोझिशन चुकवलीस."

समोरच्यांनी त्यांचं नाव खोडलं होतं, मी त्याच नावावर माझं अज्ञान चिकटवलं.

मग त्या उठल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, पत्रक हिचं, चिठ्ठी माझी; चिठ्ठीत काय आहे ते वाच. त्यांना वाचावं लागलं. लेफ्ट टॅकल. हशा थांबला. काकूंनी माइकसाठी हात पुढे केला.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही, हे लिहायलाच हवं. त्यांनी फक्त मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग काढणाऱ्यांनी माझं आयुष्य जेवढं कडू केलंय तेवढं शत्रूंनी केलेलं नाही. ते म्हणाले, रूल बदलता येत नाही, पण काकांनी आपली वीस मिनिटं काकूंना दिली तर कोणाची हरकत नाही.

"दिली की," काका टोपी काढत म्हणाले. "घे, घे. सगळी घे."

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "माझाच वेळ मी ह्यांच्याकडून मागून घेऊ? मी जिंकलेय. दिलेलं नकोय मला."

जिन्यावर उभ्या बायकांपैकी एकीने खाली न बघता ओढणीला हात पुसले. कोणीतरी म्हणालं, काकू, एवढं काय मनावर घेता, गंमत आहे. काकूंनी काकांना कोट दिला, मला गाडीची किल्ली दिली आणि आम्ही निघालो. ती वीस मिनिटं पुढे कशी गेली ते मला नंतर कळलं: सगळे एकदम बोलले, रिसीव्हर घ्यायला हवा होता ह्यावर.

गाडीत मी माफी मागितली. मग म्हटलं, काकू, मला सांगा ना तुम्ही काय बोलणार होता ते, मी ऐकते. मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या, "तुला? तुला गार्ड आणि टॅकल कळत नाहीत." काका हसले. मग त्याही थोड्या हसल्या, पण सांगितलं काहीच नाही. ते बोलणं त्या तीस माणसांसाठी होतं. ते अजून त्यांच्यापाशीच आहे, न बोललेलं.

पुढच्या आठवड्यात मी काकूंना विचारलं की फॉर्मबद्दल कमिटीला पत्र लिहू का. ह्या वेळी आधी विचारलं. त्यांनी मसुदा मागितला, सगळे 'जाहीर निषेध' खोडले, राहिलेल्या तीन वाक्यांखाली सही केली: एका घरात खेळ बघणारी जितकी माणसं, तितक्या चिठ्ठ्या, चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव, फॉर्ममधला 'पत्नी' हा शब्द काढा. कमिटीने कळवलं की सूचना स्वागतार्ह आहे, मात्र पुढच्या दोन वर्षांचे फॉर्म छापून झालेत. दोन वर्षांनी काकू ऐंशीच्या होतील.

म्हणून आता तुमच्याकडे येते. तुम्हीही कुठल्या तरी मंडळाचे, सोसायटीचे, वाचनालयाचे, क्लबचे सभासद असाल, आणि तिथेही असाच एक फॉर्म असेल. तो आज काढा. पहिल्या रकान्यात कोण आहे आणि घरात त्या विषयातलं खरं कोणाला कळतं, ते बघा. नावं वेगळी निघाली तर आधी तिला विचारा. मी केलं तसं परस्पर करू नका. ती हो म्हणाली तर छापील शब्द पेनने खोडा, तिचं नाव वरती लिहा आणि फॉर्म ह्याच आठवड्यात सेक्रेटरीच्या हातात द्या. घेत नाही म्हणाला तर घेईपर्यंत दारातून हलू नका.