भाऊजींच्या फोटोतला हात

भाऊजींच्या गावाहून, इचोड्याहून, फोन आला तो आमच्या मावला गावातल्या शेजारच्या किराणा दुकानात. भाऊजींच्या स्टुडिओला लागून असलेला टायरवाला बोलत होता. "दीदी, फोटोवाले भाऊ नहीं रहे," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. आणि मी उभ्या उभ्या त्याला पहिलं काय विचारावं? "उनका कोई फोटो है क्या दुकान में?" लोकांना वाटलं, बाईला धक्का बसला. पण आमचे हात एकदा पोळलेले होते.

मारोतराव माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताताईचे यजमान. हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत त्यांचा स्टुडिओ. आसपासच्या सगळ्या गावांचे चेहरे त्यांच्या भिंगातून गेलेले. नवरदेव असो की तहसीलचा साहेब, सगळ्यांना एकच हुकूम, "आधी श्वास सोडा, मंग हसा." आणि स्वतःच्या बायकोचा एक फोटो नाही! लग्नात कॅमेरा चुलतभावाच्या हाती दिला, तर त्या शहाण्यानं भिंगावरचं झाकणच काढलं नाही. अख्खा रोल कोरा. पुढं दर रोलची शेवटची फ्रेम ताईसाठी राखलेली असायची. "बस, आता तुहा नंबर," भाऊजी म्हणायचे. ताई पदर सावरून स्टुलावर बसायची आणि नेमकं कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी दारात उभं राहायचं. ताई लगेच उठायची. "पह्यले गिऱ्हाईक. मी कुठं पळून चालली?"

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता ती गेली... तेरवीला पाटावर ठेवायला फोटो नव्हता. नुसता दिवा लावला. मी भाऊजींवर तुटून पडले, "साऱ्या दुनियेचे फोटो काढले तुमी, माह्या बहिणीचं तोंड कुठं हाये?" मला ताई बघायची होती, बाकी काही नको होतं. तिचा चेहरा डोळ्यांपुढं पुसट होत चालला होता आणि त्याची मला फार भीती वाटायची.

पावसाळा सरला तसे भाऊजी स्टुडिओला कुलूप लावून, कॅमेरा घेऊन जंगलात जाऊ लागले. गिऱ्हाईक परत जायचं. लोक म्हणायचे, फोटोवाला येडा झाला. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. दिवाळीला गेले तेव्हा मला म्हणाले, "चाल साळीबाई, एक गंमत दाखोतो." मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात एक कोरा कागद पडला होता. त्यावर हळूहळू मोहाचं झाड उमटलं. मग खोडावर टेकलेला एक हात... मनगटात काचेच्या बांगड्या, अंगठ्याजवळ विळ्याची जुनी खूण. अगं बाई, हा तर ताईचा हात!

"हा कुठून आणला?"

"तान्ही पोरं स्टुलावर बसत नाईत ना वं. तुही बहीण पडद्यामागून त्यायले धरे. फोटो देतानी मी तेवढा हात कापून टाको. निगेटिव्हवर मात्र राह्यला." त्यांनी चिमट्यानं कागद पाण्यात हलवला. "इतकी वर्सं मीच तिले कापून राह्यलो होतो..."

एका निगेटिव्हवर दुसरी ठेवून ते तिचा हात जंगलात नेत होते. ओढ्याच्या पाण्यात बुडवलेला हात, सागाच्या पानाखाली धरलेला हात, वारुळाजवळ थबकलेला हात. मी विचारलं, हे कायले? तर म्हणाले, "लग्न होऊन आली तशी दुकानातच राह्यली बिचारी. आता फिरवून राह्यलो." मी रडत रडत हसले. "अन् चेहरा?" त्यांनी मान हलवली. "मले बी नाई सापडला." त्या दिवशी माझा राग गेला. निघताना त्यांनी माझ्या लेकीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो न कापता छापून हातावर ठेवला. तिच्या काखेत ताईची बोटं होती.

आणि आता भाऊजींची तेरवी. टायरवाल्यानं सगळा स्टुडिओ उलटापालटा केला. भाऊजींचाही फोटो नाही! कॅमेऱ्यामागच्या माणसाचा फोटो काढणार कोण? मग त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरची फ्रेम मी उतरवली. उतरत्या उन्हातली पायवाट, तिच्यावर कॅमेरा धरलेली भाऊजींची लांबलचक सावली, आणि सावलीच्या खांद्यावर ताईचा हात. तीच पाटावर ठेवली.

गावाकडचे एक म्हातारे वाकून बघत म्हणाले, "बाई, याच्यात मानूस कुठं हाये?"

"दोघंबी हायेत, मामा. नीट पाहा."

ती फ्रेम आता आमच्या बैठकीत आहे. हार सुकला की मी नवा घालते, पण जरा बाजूला सरकवून. हात झाकू देत नाही. इतकी वर्षं कापला गेला, तेवढं पुरे झालं.