अदेलिनो तांडेलचा मोकळा समुद्र

समुद्रात पवनचक्क्या येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी कंबर कसली ती अदेलिनोने. चाळीस वर्षं होडी हाकलेला तांडेल तो. व्हियाना शहराच्या उत्तरेचं आपलं अख्खं किनारी गाव त्याने विरोधाच्या निवेदनावर सह्यांसाठी पालथं घातलं. "सूर्य बुडताना बघायला जाल आणि मध्ये पंखे फिरताना दिसतील," असं दारोदार सांगत सुटला.

चक्क्या व्हायच्या त्या झाल्याच. क्षितिजावर तीन उभ्या राहिल्या. पण तोवर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ते कबूल करील तर तो अदेलिनो कसला! रोज संध्याकाळी बेल्मिरोच्या कॅफेसमोरच्या बाकावर बसून तो समुद्राकडे हात करायचा. "आहे काही तिथे? पळाले लेकाचे."

"तुमच्यापुढे कोण टिकणार, तांडेल," बेल्मिरो खाली मान घालून म्हणायचा.

त्याला खरं सांगायचं नाही, ही बायकोची, झुल्मिराची, ताकीद. निवेदन फेटाळल्याचं पत्र तिनेच चुलीत घातलं होतं. होडी विकल्यापासून खचलेला नवरा पुन्हा ताठ चालायला लागला होता, तिला आणखी काय हवं?

यंदा मात्र सूप वाढून घेताना त्याने हात भाजून घेतला. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन नाही केलं तर नजर जाईल. झुल्मिराला भीती वेगळीच. नजर आली तर ऐट जाणार, आणि ऐट गेली की हा माणूस पुन्हा अंथरूण धरणार. दोन रात्री तळमळली, आणि तिसऱ्या दिवशी तीच त्याला हाताला धरून घेऊन गेली.

एका डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी साऱ्या गावाला कॅफेतच काम निघालं. अदेलिनो बाकावर बसून बघत राहिला.

"तीन आहेत," तो म्हणाला. "कधीपासून?"

"चार वर्षं," झुल्मिरा म्हणाली. "सगळ्यांना मीच गप्प बसवलं. चिडायचं तर माझ्यावर चीड."

तो वळला. एकेकाचा चेहरा बघू लागला.

"या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं लग्न ठरलं ते माझ्याआधी गावाला कळलं होतं. आणि ही एवढी गोष्ट चार वर्षं पोटात ठेवलीत? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कसली, तांडेल? झुल्मिराबाईंच्या धाकानं," बेल्मिरो म्हणाला.

अदेलिनो हसत सुटला. हसता हसता नव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

झुल्मिरा रुमाल घेऊन धावली. "डोळ्याला पाणी लावू नको म्हणून डॉक्टरनं बजावलंय ना?"

"बाहेरून लावू नको म्हणाला," अदेलिनो म्हणाला.