किनाऱ्याचे आठ दिवस

मास्तरांचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं आणि तिथेच राहिलं. पाठीमागे सगळे त्यांना हाफक्लच मास्तर म्हणायचे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उभं आयुष्य गेलं आणि शेजारच्या सीटवरून 'हाफ क्लच, हाफ क्लच!' असं ते इतक्या वेळा ओरडले, की दुसरं कुठलं नाव पडणंच शक्य नव्हतं. तोंडावर मात्र कुणाची टाप नव्हती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि मास्तर तो असा दाबायचे की शिकणाऱ्याला दिवसा तारे दिसायचे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणी कुणाला ठोकल्याचं ऐकिवात नाही. फक्त त्यांच्या जिभेला गाडीपलीकडचं वळण नव्हतं. आरसा बघ, गिअर उतरव, तो म्हातारा दिसत नाही का तुला, डोळे आहेत की बटणं! सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. घरी आले की गप्प. घरातलं बोलण्याचं खातं मास्तरीणबाईंकडे होतं आणि त्यांनी ते दोघांच्या वाटचं सांभाळलं.

मुलगी शिकायला आणि पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिचा फोन आला की मास्तर उचलायचे. "बरी आहेस ना? जेवलीस? हं, आईला देतो." झालं बोलणं. मग आतून मास्तरीणबाईंच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मास्तर खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढत बसायचे. मुलीच्या सगळ्या बातम्या त्यांना जेवताना, आमटीबरोबर वाढलेल्या मिळायच्या. त्यांतल्या अर्ध्या कानाआड व्हायच्या. पण त्यांना वाटायचं, आपलं मुलीशी उत्तम चाललंय.

मास्तरीणबाई गेल्या आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. 

मुलगी दर रविवारी न चुकता फोन करायची. बरी आहेस ना, जेवलीस, आणि मग दोन्हीकडे शांतता. एका रविवारी ती "बरं, ठेवते मग" म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून मास्तर बोलून गेले, "आपण त्या किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ या का एकदा? भाड्याची गाडी घेऊ. आपणच चालवायची."



"कुठला, तो कड्यांचा?" ती म्हणाली.

तोच. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली फुटणारा समुद्र, मधे जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता. मास्तरांचे विद्यार्थी तिथे जाऊन येत, फोटो पाठवत. मास्तर स्वतः जन्मभर त्याच चार गल्ल्या आणि एक चौक यांतच फिरले होते.

"येईन," मुलगी म्हणाली. "पण गाडी मी चालवणार."

ही अट कुठून आली, ते दोघांनाही ठाऊक होतं. कॉलेजात असताना ती बापाकडे गाडी शिकायला बसली होती. मागच्या सीटवर आणखी शिकाऊ मंडळी. भर चौकात मास्तरांनी ब्रेक दाबला आणि सगळ्यांदेखत तिला फाडून खाल्लं. पोरगी हूं की चूं न करता उतरली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि चालत घरी गेली. पुढच्याच आठवड्यात तिने समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. हाफक्लच मास्तरांची मुलगी दुसऱ्याकडे शिकते! लोकांना चघळायला विषय मिळाला. त्यानंतर ती बाप शेजारी असताना कधी गाडीला हात लावत नसे.

"चालव," मास्तर म्हणाले. "मी एक अक्षर बोलणार नाही."

त्या दिवसापासून फोनला बरकत आली. मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याचं घर, अडकित्ता, जे हाताला लागलं ते ठेवलं आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याने जेवू लागले. रविवारी चर्चा रंगायची. वरून खाली यायचं की खालून वर जायचं? खालून वर गेलो तर समुद्र शेजारच्याच्या बाजूला राहतो, मग चालवणारीचं लक्ष उडत नाही. दीपगृहाजवळ मुक्काम करायचा की पुढच्या कोळ्यांच्या वस्तीत? सकाळचं धुकं कधी निवळतं? एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, त्या खाडीवरचा पूल दुरुस्तीला काढलाय म्हणे," आणि मास्तरांना असा आनंद झाला, जसा कुणाला बढतीचा होतो. आता नवा रस्ता शोधायचा, म्हणजे आणखी एक रविवार.

पण किनारा कितीही लांब असला तरी आठ दिवसांत बसवल्यावर तो संपतो. सगळं ठरत आलं, तसे मास्तर ठरलेलं मोडायला लागले. हे हॉटेल नको, तो घाट नको.

"बाबा, हे आपण मागच्याच रविवारी ठरवलं होतं ना?" मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "असं करू. बुकिंगच्या आधी मी तिकडे येते. अर्धा दिवस गाडीतून हिंडू. आपलं दोघांचं जमतंय का ते बघू. जमलं तर त्याच दिवशी बुकिंग करून टाकू. नाहीतर राहू दे."

मास्तरांचा जीव टांगणीला लागला. आपली जीभ त्यांना पक्की माहीत होती. त्यांनी तालीम सुरू केली. खालच्या मजल्यावरचा औषधवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याला ते म्हणाले, "मला रोज बाजारापर्यंत गाडीतून ने. मी काही बोललो तर तिथल्या तिथे उतरवून दे."

पहिल्या दिवशी औषधवाल्याने त्यांना गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं. दुसऱ्या दिवशी चौकात. मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, दात आवळायचे, उजवा पाय डाव्या पायाने दाबून धरायचे. हळूहळू जमलं. एक दिवस औषधवाल्याने घाबरत विचारलं, "मास्तर, तब्येत बरी आहे ना तुमची? मी मघाशी सिग्नल तोडला." मास्तरांनी नुसती मान डोलावली. 

ठरल्या दिवशी मुलगी भाड्याची गाडी घेऊन आली. मास्तर तिच्या शेजारी बसले, पट्टा लावला, हात मांड्यांखाली घातले. तळ्याकडच्या रस्त्याला लागायचं होतं. तिने गाडी काढली, आणि काय सांगावं, पोरगी सुरेख चालवत होती! वळणाआधी वेग उतरवायची, वळणात हलकेच वाढवायची, आरशाकडे नजर अशी सहज जायची. मास्तरांचा ऊर भरून आला. शाबास म्हणावं असं ओठांवर आलं. पण तोंड उघडलं की मागोमाग काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी शाबासही गिळलं.

शहर मागे पडलं. मुलीने रेडिओ लावला, थोड्या वेळाने बंद केला. एकदा तिने बापाकडे पाहिलं. बाप समोर पाहत होता.

"बाबा, रागावलात का?"

"छे गं."

"मी नीट चालवत नाहीये?"

"नाही, नाही. चालव तू."

तळ्याच्या काठाशी तिने गाडी उभी केली. थर्मासातला चहा दोन कपांत ओतला. बाहेर वारा होता, म्हणून दोघं आतच बसले. काचेवर चहाची वाफ धरू लागली.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "गाडीचं सोडून. ट्रिपचंही सोडून."

मास्तर शोधू लागले. असा धांडोळा त्यांनी कधी घेतला नव्हता.

"ऑफिस कसं चाललंय?" ते म्हणाले.

"ते सोडलं मी, बाबा. आई होती तेव्हाच. तिला सांगितलं होतं."

"हो हो," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाई तेव्हा काहीतरी सांगत होत्या खऱ्या. समोरच्या बिल्डिंगमधला कुणीतरी तेव्हा गाडी रिव्हर्स घेत होता आणि मास्तर त्याच्याकडे बघत होते. "मग आता?"

"भाषांतरं करते. घरूनच. दिवसभर एकटीच असते."

"पाठ दुखत असेल बसून."

"दुखते."

 मास्तरांनी चहाचा कप फिरवून पाहिला. आत काही नव्हतं.

"आठ दिवस, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही, कुणाला दुखऱ्या जागी हात लावताना माणूस बोलतो तसं. "आठ दिवस आपण काय बोलणार आहोत?"

मास्तरांनी पेट्रोलचा विचार केला होता, धुक्याचा, दरडींचा, पंक्चरचा केला होता. याचा केला नव्हता. भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एवढा आटापिटा केला, आणि आता त्यांना कळलं की भांडणच बरं होतं, त्यात निदान दोन माणसं लागतात. त्यांना बायकोची आठवण आली. वाटलं, ती मागच्या सीटवर असती तर एव्हाना तिघं हसत असते. ती गेली तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"तुला सांगू का," ते म्हणाले, "मला येतच नाही ते."

"मलाही नाही येत." ती काचेवरची वाफ पुसत होती. "मी सगळं आईलाच सांगायचे."

तिने दोन्ही रिकामे कप एकात एक घातले. मग ती म्हणाली, "आपण तीन दिवस जाऊ. दीपगृहापर्यंत. तिथून परत."

किनाऱ्याचा खरा देखणा भाग दीपगृहाच्या पुढे सुरू होत होता. नकाशा पाठ असलेल्या माणसाला ते सांगायला नको.

"चालेल," मास्तर म्हणाले. "तीन पुष्कळ झाले."

तिने गाडी वळवली. परतीच्या रस्त्याला एक खडा चढ होता, वर वळण. इंजिनाचा आवाज बदलला, तिचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला. तिने बापाकडे न बघता विचारलं, "बाबा, इथे दुसरा गिअर टाकू का?"

इतकी वर्षं गाडी चालवणारी ही पोरगी. मास्तरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. दुसरा तिने आधीच टाकलेला होता.

"टाक," ते म्हणाले.