कबुतर आलं का, सूनबाई?

जगात कानांचे लाड करावेत ते आमच्या मामेसासऱ्यांनीच. माणसं जिभेचे लाड करतात, पोटाचे करतात, आमच्या काशीत तर एका पानासाठी अर्धं शहर पालथं घालणारी माणसं आहेत. मामांनी जिभेला कधी हट्ट करू दिला नाही. आमटीत मीठ घालायला मी विसरले तर ते मला संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून कळायचं. पण कानांना मात्र त्यांनी राजपुत्रासारखं वाढवलं. दुर्गाघाटावरच्या त्यांच्या वरच्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या आहेत. एकीवर सोवळ्याचा रेशमी मुकटा, एकीवर रुद्राक्षांची माळ, आणि बाकी सगळ्यांवर हेडफोन. साधे नाहीत, चांगले परदेशातून आलेले, ज्यांचे डबेसुद्धा टाकवत नाहीत म्हणून मी त्यांत शेवया आणि कुरडया भरून ठेवल्या आहेत. घरी आलेला माणूस मामांना वाकून नमस्कार करतो आणि उठताना भिंतीकडे बघून अर्ध्यातच थांबतो.

मामा म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे मामा. मामी गेल्यापासून आम्ही त्यांच्याकडेच राहतो. ते ऋग्वेदी वैदिक, आणि गावभर त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी: वेद म्हणणाऱ्याची चूक ते जागच्या जागी धरतात. पूर्वी अंगणात शिष्य म्हणत असत आणि मामा वर डोळे मिटून पडलेले असत, कुणाचा एक स्वर घसरला की वरून नुसतं "हं!" यायचं आणि खाली सगळे गप्प. पुढे घरी शिकणारे कमी झाले आणि फोनवर शिकणारे मोठे लोक वाढले. कुणी पुण्याचे, कुणी नागपूरचे, कुणी समुद्रापलीकडचे. दक्षिणेचं विचारलं की मामा म्हणत, "धोतरजोडी नको. मला ऐकायला काहीतरी चांगलं पाठवा. तुमच्या चुका मला नीट ऐकू आल्या पाहिजेत." शिष्य मोठ्या नोकऱ्यांतले. त्यांनी गुरूचा शब्द फारच मनावर घेतला. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, तेव्हा पार्सलवाला डबे डोक्यावर घेऊन चालत यायचा आणि डीजेचं दुकान काढताय का म्हणून खालूनच आपल्या बनारसी बोलीत ओरडायचा, "का पंडितजी, डीजे खोलत हउवा का?" मामाही वरून त्याच्याच बोलीत आधी त्याच्या लग्नात वाजवायचं कबूल करायचे, "खोलब गुरू! पहिले तोहरे बियाहे में बजाइब!"

हेडफोन आला की त्याची परीक्षा सुरू. आधी तो डोक्यावर टिकतो का, हे बघायचं. वेद शिकताना मुलं मान हलवतात. आवाज खाली तर मान खाली, आवाज वर तर मान वर, मधल्याला सरळ. माझं शिक्षण चार इयत्तांचं, त्या स्वरांची संस्कृत नावं मी नेहमी उलटसुलट करते, पण मान मला कळते. लहान मुलाचं डोकं गुरू हातात धरून असं हलवतात, आणि आवाज एकदा पक्का बसला की मान आपोआप थांबते. मोठी माणसं हलवत नाहीत. मामा मात्र अलीकडे फोनवर शिकवताना मिशीवाल्या शिष्यांनाही मान हलवायला लावू लागले होते आणि स्वतःही त्यांच्याबरोबर हलवत. त्यामुळे पहिला हेडफोन तिसऱ्याच ऋचेला उडाला आणि पाण्याच्या तांब्यात पडला. मामांनी तो पंच्याने पुसला आणि निकाल दिला, "आवाज गोड आहे, पण अंगी विनय नाही. मान खाली घातली की निघून जातो." दुसऱ्याची पट्टी बरोबर शेंडीच्या गाठीवर बसायची. "बनवणाऱ्याने सगळ्या जगाची डोकी मोजली, आमचं तेवढं राहिलं." तिसरा बाहेरचा सगळा आवाज बंद करणारा होता. तो लावून मामा क्षणभर बसले आणि घाबरून काढला. "यात काशीच बंद होते! विहिरीत उतरल्यासारखं वाटलं." आणि एकदा तर घाईने मोरीकडे जाताना त्यांनी नेमाप्रमाणे जानवं कानाला लावलं, ते हेडफोनच्या वायरीत अडकलं, आणि वायरीमागून फोन निघाला. पुण्याच्या शिष्याला आधी छत दिसलं, मग जिना दिसला, आणि मग त्या भल्या माणसाने फोन बंद केला.

सगळ्यांत आवडता हेडफोन होता तो काळ्या मऊ गाद्यांचा. मामा आठवडाभर तो सोवळ्यात लावून बसले. "कानावर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं," असं म्हणत. मग एके दिवशी माझ्या यजमानांनी सहज डब्यावरचं वाचलं आणि म्हणाले, "मामा, गाद्या अस्सल मेंढीच्या कातड्याच्या आहेत हं." मामा उठले, सचैल स्नान केलं आणि ओल्या धोतराने खुंटीसमोर येऊन उभे राहिले. मी आधी त्यांचं ताट झाकून ठेवलं, कारण मामांना राग आला की ते जेवत नाहीत. पण ते रागावले नव्हते. जवळचं कुणी परगावी चाललं असावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आवाज मात्र याच्यासारखा कुणाचाच नाही रे," ते म्हणाले. मी दुपारी जुन्या फाटक्या मुकट्याचा तुकडा काढून दोन्ही गाद्यांना रेशमी खोळी शिवल्या. मामांनी त्या चढवून पाहिल्या आणि लहान मुलासारखे हसले. "मेंढा सोवळ्यात आला!" तेव्हापासून त्या हेडफोनचं नाव मेंढा. आमच्याकडे कडक उन्हाळ्यात कान असे उकडतात की विचारू नका, पण रेशमामुळे मेंढा थंड राहतो, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी स्वयंपाकघरात लपून ते ऐकत असे.

आवाजाची परीक्षा वेगळी. मामांच्या गुरुजींचं पठण फार वर्षांपूर्वी कुणीतरी कॅसेटवर घेतलं होतं. एका शिष्याने ते साफ करून फोनमध्ये घालून दिलं. त्यात एका ठिकाणी गुरुजी श्वास घ्यायला थांबतात आणि मागच्या झरोक्यातून एक कबुतर फडफडत उडून जातं. मामा म्हणायचे, "गुरुजींचा आवाज काय, पत्र्याच्या डब्यातही ऐकू येईल. कबुतर आलं पाहिजे." प्रत्येक हेडफोनमध्ये ते तेवढीच जागा पुन्हा पुन्हा लावत. सुरुवातीला कबुतर सगळ्यांत उडायचं, कुठे जवळून, कुठे लांबून. मग मामा म्हणू लागले, "या जाळीवाल्यात कबुतर म्हातारं झालंय." मग दुसऱ्यात त्याचे पंख भिजले. मग ते फक्त मेंढ्यात उडू लागलं. आणि माघ महिन्यात एका सकाळी मामा मेंढा हातात घेऊन माझ्याकडे आले. "सूनबाई, तुझ्या रेशमाने कबुतर अडवलं बहुतेक." मी खोळी उसवून काढल्या. मामांनी पुन्हा लावून पाहिला, खूप वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, "राहू दे. घाल परत."

मला काळजी करायची सवय आहे. यजमान म्हणतात की काळजी करायला काही नसलं तर मी शेजारणीकडून मागून आणेन. पण ही काळजी माझी स्वतःचीच होती. कुकरच्या शिट्ट्या मोजून मला "पुरे गं" म्हणणारे मामा आता शिट्टी झाली की नाही विचारू लागले होते. दूधवाल्याने खालून हाका मारल्या तरी त्यांच्या कपाळावरची आठी हलत नसे. मी यजमानांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "फालतू टेन्शन घेऊ नकोस. मामांचे कान? अगं, गल्लीतला बैल कुठल्या पायाने लंगडतो ते सांगतात ते!"

"सांगत होते," मी म्हटलं.

"आता बैल बदलला असेल," असं म्हणून ते बँकेत गेले.

आणि मग मामांनी मलाच बसवलं. "सूनबाई, इथे बस. आज तू ऐक." मी पदर सावरला, कुड्या टोचतील म्हणून काढून ठेवल्या. सासऱ्यांच्या जागी असलेल्या माणसाच्या हातून असं काही डोक्यावर चढवून घ्यायचं म्हणजे माझे कान आधीच तापले होते. पण मेंढा बसला तसं सगळं घर दूर गेलं आणि एक म्हातारा, भरदार आवाज अगदी माझ्याजवळ बसून म्हणू लागला. तो थांबला. आणि माझ्या मागून कबुतर असं फडफडून उडालं की मी दचकून वळून भिंतीकडे पाहिलं.

"कबुतर आलं का, सूनबाई?" मामांनी विचारलं.

"मला काही नीट कळलं नाही," मी म्हटलं. मामांनी मग खुंटीवरचे सगळे एकेक करून लावायला दिले. प्रत्येकात कबुतर होतं. मी मान घट्ट धरून बसून राहिले आणि मामा समोर बसून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी "बरं" म्हणाले आणि सगळे पुन्हा जागच्या जागी टांगले.

त्यानंतर मला रात्रंदिवस एकच भीती. ज्या माणसाकडे लोक आपली चूक धरून घेण्यासाठी येतात, त्याला चूक ऐकू येईनाशी झाली तर तो सकाळी उठून काय करणार? आणि चैत्रात आमच्या घरी वसंतपूजा ठरली होती. त्या दिवशी वैदिक जमतात, आळीपाळीने वेद म्हणतात, त्यांना गंध, अत्तर, पन्हं देतात. पुण्याचा शिष्य पहिल्यांदाच समक्ष येऊन सगळ्यांपुढे म्हणणार होता. वसंतपूजेत काही कुणी हेडफोन लावून बसत नाही. मी मनात बालाजीला म्हटलं, त्या दिवशी कुणाचीच चूक होऊ नये. एवढ्या सगळ्यांना एकदम बिनचूक करणं देवालाही जड जाईल, हे मला कळत होतं.

मामा मात्र आपल्या तऱ्हेने तयारी करत होते. फोनवर शिष्याला रोज ओरडत, "फोन खाली घे! मला तुझं कपाळ नको, मान दाखव. मान!" मी म्हटलं, हे आणखी एक खूळ.

पूजेच्या दिवशी बैठकीत वैदिक ओळीने बसले. मी आतल्या दाराआड पन्ह्याचं तबक घेऊन उभी होते. मामांच्या शेजारी त्यांचे लहानपणापासूनचे सोबती होते, तपकीर ओढणारे आणि मामांना चिडवायची संधी कधी न सोडणारे. पठण सुरू झालं. थोड्या वेळाने एका वृद्ध वैदिकांचं काहीतरी घसरलं असावं, कारण सगळ्यांच्या माना एकदम मामांकडे वळल्या. मामा शांत बसून होते. मी तबक जमिनीवर ठेवलं. शेवटी तपकीरवाल्यांनीच चूक दुरुस्त केली आणि मामांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "काय हो, आज सोडून दिलंत?"

मामा म्हणाले, "जन्मभर मीच धरतोय. एखादी तुमच्या वाट्यालाही नको का?"

सगळे हसले. मी नाही हसले. मग शिष्याची पाळी आली. चांगला उंच, दाढी राखलेला, चष्मेवाला माणूस, पण मान मात्र लहान मुलासारखी वर-खाली हलवत म्हणू लागला. दोघातिघांनी गालात हसू दाबलं. आणि तेव्हा मला मामा दिसले. मामा ऐकताना नेहमी डोळे मिटतात. इतक्या वर्षांत मी त्यांना वेद ऐकताना डोळे उघडे ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं. आज त्यांचे डोळे उघडे होते आणि शिष्याच्या मानेवरून क्षणभरही हलत नव्हते. मान खाली, सरळ, वर, सरळ. एके ठिकाणी ती खाली जायची ती तशीच राहिली, आणि मामांचं बोट वर झालं. "हं! मागे ये."

शिष्य मागे गेला, नीट म्हणून पुढे निघाला. तपकीरवाल्यांनी मामांच्या गुडघ्यावर थाप मारली. "कान अजून शाबूत आहेत हो तुमचे!" मामा मोठ्याने हसले. त्यांना ते शब्द कळले की नुसती थाप कळली, देव जाणे.

मंडळी गेल्यावर मी वर दूध घेऊन गेले. मामा खुंटीवरचे हेडफोन एकेक करून मऊ फडक्याने पुसत होते. मी पेला समोर ठेवला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "सूनबाई, सगळे उत्तम आहेत. एकातही दोष नाही. कबुतर सगळ्यांत आहे."

मी पेला त्यांच्याजवळ सरकवला.

"तू पहिल्यांदा मागे वळून पाहिलंस. मग बाकीच्या वेळी मान आवळून बसलीस. तेव्हाच कळलं मला." ते मेंढ्याची खोळ सारखी करत राहिले. "तरी पुन्हा पुन्हा लावून बघत होतो. वाटायचं, एखाद्यात येईल."

मी धीर करून, त्यांच्या अगदी समोर येऊन म्हटलं, "कानांच्या डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"जाऊ. पण ते जे यंत्र देतील, ते शेंडीला, जानव्याला, चष्म्याला कसं चालतं ते बघावं लागेल. एकावर भागायचं नाही, चारपाच आणून ताडून पाहू." मग पेला उचलत म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊ."

तो पुढचा महिना अजून यायचा आहे. शिष्य फोनवर माना हलवतात, मामा बोट वर करतात, गावात त्यांची ख्याती आहे तशीच आहे. मी आता जेवायला हाक मारत नाही. माझा आवाज तसाही कधी कुणापर्यंत पोचत नव्हता. मी वर जाऊन दारात उभी राहते, ते बघेपर्यंत थांबते, आणि मान खाली, सरळ, वर अशी हलवते. म्हणजे पान वाढलंय. मामा कधी कधी म्हणतात, "शेवटचा चुकला. पुन्हा." मी पुन्हा करते.

परवा मी अशीच दारात उभी होते. मामांच्या मागच्या झरोक्यातून एक कबुतर फडफडत उडालं आणि गंगेकडे गेलं. मामा माझ्याकडेच बघत होते. माझी मान तिकडे वळली.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.