घाटाचे दगड कोणी वाहिले

नगरपालिकेच्या अध्यक्षांनी माझं पान नखानं टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि खाली पाडलं. ते त्यांच्या वहाणेजवळ पडलं.

"उचला बाई," ते म्हणाले. "तुमच्या लोकाईचा इतिहास हाय. तुमीच उचला."

शाळेच्या हॉलमध्ये गावातले दहा-बारा प्रतिष्ठित बसले होते. कोणी हसलं. कोणी छताकडं पाहिलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसायला काढला. मी वाकले. पान उचललं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पैनगंगेच्या काठचं आमचं जुनं गाव शहर होऊ पाहत होतं. कापसाचा बाजार वाढला होता, जिनिंग आलं होतं, नदीवर पूल झाला होता. आता बसस्टँड हवं होतं. आणि गावाचा इतिहासही छापायचा होता. मी सरकारी शाळेत शिक्षिका, आमच्या बौद्धवाड्यातली पहिली. अक्षर चांगलं, म्हणून तो इतिहास सुवाच्य लिहून काढायचं काम मला दिलं. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, फार झाला होता.

लिहिता लिहिता एका ओळीवर हात थांबला. 'घाटाखालची वस्ती अलीकडची असून सरकारी जागेवर आहे.'

नदीच्या घाटाखालची वस्ती म्हणजे आम्ही. बसस्टँडसाठी तीच जागा धरली होती. हे एकदा छापलं की आम्ही उपरे. मग उठवायला किती वेळ लागणार?

घरी येऊन बापाला ती ओळ वाचून दाखवली. त्यानं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "माह्या आज्यानं त्या घाटाचे दगड वाह्यले. त्याचा बाप तिथंच चिंचीखाली पुरला हाय. गावचे मेलेले ढोरं ओढाले, सांगावा न्याले आमी लागत होतो. तवा नाई कोणी म्हणलं, अलीकडचे म्हणून."

तेवढंच मी एका पानावर लिहिलं आणि इतिहासात घातलं. बापाचे शब्द, माझं अक्षर.

तेच पान घेऊन आता मी सगळ्यांसमोर उभी होते.

"हे सोडून बाकीचं लिहून द्या," अध्यक्ष म्हणाले. "अन् खाली सही करा. तुमच्याच वस्तीतल्या बाईची सही असली तं कोणी बोलणार नाई."

तेव्हा कळलं, अक्षरासाठी नव्हतं बोलावलं मला.

"मी सही करणार नाही."

"काऊन?"

"खोटं आहे."

माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस उठला नाही. मी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, माझं पान घेतलं आणि बाहेर पडले. घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. खाली बाया धुणं धूत होत्या. काय झालं, कोणी विचारलं नाही.

घरी बाप म्हणाला, "काऊन आडवी गेली माय? आपल्याले इथंच राहाचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या बायांनी डबे दुसऱ्या खोलीत नेले. वाड्यातली माणसंही माझ्याशी बोलताना आधी रस्त्याकडं बघायची. त्यांना भीती होती. मलाही होती.

इतिहास दुसऱ्याच्या अक्षरात छापून आला. उन्हाळ्यात वस्ती उठली, नाल्यापलीकडं गेली. चिंच तोडली. माझी बदली लोणारकडच्या एका खेड्यात झाली. तिथं खोली मिळायला दोन महिने लागले. संध्याकाळी मी एकटीच भाकरी थापायची, एकटीच खायची.

पण सुट्टी लागली की एस.टी. धरून मी नाल्यापलीकडं जाते. एकेका म्हाताऱ्याजवळ बसते. कोणाचं घर कुठं होतं, कोणती विहीर कोणी खोदली, विचारून लिहिते आणि खाली अंगठा घेते. ती जागा आमची होती, हे मान्य करा म्हणून बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीत तीन अर्ज दिले. उत्तर नाही. चौथा लिहून तयार आहे. उत्तर येईपर्यंत मी देत राहणार. मेले तरी आधी वर्गातल्या पोरींना हे अर्ज लिहायला शिकवून मरणार.